विक्रेत्याच्या नादारीची नोंद कुठे तपासावी?

प्रश्न: कोल्हापुरातील लक्ष्मीपुरीतील एका व्यापाऱ्याचा गाळा आम्ही घेत आहोत, मात्र त्यांनी नादारीचा (दिवाळखोरीचा) अर्ज केल्याची कुजबुज कानावर आली आहे. विसार देण्यापूर्वी खात्री कुठे करावी?

राजारामपुरीकर: व्यक्तीचा अर्ज १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली जिल्हा न्यायालयात, म्हणजे कसबा बावड्याला, चालतो. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर पक्षकाराचे नाव व वर्ष टाकून शोधावे. नावाची स्पेलिंगे मात्र बदलून पाहावीत. कंपनी असल्यास मुंबईचे कंपनी विधी न्यायाधिकरण.

जुना कारकून: प्रॉपर्टी कार्ड आणि सूची क्रमांक दोन (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) पाहावीच, पण तिथे बोजा दिसला नाही म्हणून निर्धास्त राहू नये, कारण नादार ठरवणारा आदेश अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासून लागू धरला जातो, म्हणजे मधल्या काळातला व्यवहारही अडचणीत येऊ शकतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. तोवर विसार थांबवतो.