शेवटच्या नळावर तपासा

टाकीत रोज टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) पडते, तरी गावात जुलाब कसे, असा प्रश्न पडतो. पडत असेलही, पण कसली पडते ते बघा. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. उघड्या, ओल धरलेल्या गोणीतून तो उडून जातो. आमच्या पंपघरातल्या गोणीत नुसती ढेकळं होती, वाससुद्धा येत नव्हता.

आणि ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची चाचणी) टाकीखालीच उरकू नका. वस्तीतल्या शेवटच्या नळाचं पाणी घ्या, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाका. पिवळं झालं तर क्लोरीन पोचलाय; लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम हवा. आमच्याकडे टोकाच्या नळाचं पाणी नितळच राहिलं, आणि आजारी पोरं त्याच आळीतली होती. पाइपचा गटारालगतचा फुटका जोडही तिथेच सापडला.