रात्री ४० मिनिटं मिळतात, या वर्षातला कुठला गेम घेऊ? (तातडीचं, डिसेंबर २०२५)

रातकिडा_फोंडा
लोकहो, पटकन सांगा, सेल संपत आलाय. वर्षभरात एकही गेम पुरा झाला नाही. सकाळी सातला घर सोडतो, परत यायला आठ वाजतात. जेवण, मुलाचा अभ्यास, की हातात उरतात चाळीसेक मिनिटं, तीही रोज नाहीत. परवा सगळे पुरस्कार घेऊन गेला तो फ्रेंच गेम घेऊ की सिल्कसाँग? आणि सोबत एखादी ॲक्सेसरी घ्यायची तर कुठली?

वेर्णा_जनरल_शिफ्ट
खेळतोस कशावर ते कोण सांगणार? वैद्याकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणण्यातला प्रकार.

रातकिडा_फोंडा
पीएस५ हो, प्लेस्टेशन ५. आणखी कशावर?

साखळीकर
सिल्कसाँग. विचारूच नकोस. ४ सप्टेंबरला आला, त्याच दिवशी आमच्या नऊ दिवसांच्या गणपतीचं विसर्जन. तळीवरून आलो तो ओल्या कपड्यांनीच डाउनलोड लावला. २०१९ मध्ये जाहीर झालेला गेम, साडेसहा वर्षं थांबलो होतो, कपडे बदलायला कुठे थांबणार?

मडगावची_शांता
चाळीस मिनिटांत सिल्कसाँग? एका राक्षसापाशीच चाळीस मिनिटं जातात, आणि मेलं की परत त्या बाकापासून धावत यायचं. ऑफिसातून थकून आलेल्या माणसाला हे सांगता? रातकिडा, तू हेडीस २ बघ. एक फेरी अर्ध्या-पाऊण तासात आटोपते.

वेर्णा_जनरल_शिफ्ट
शांताबाय, हेडीस २ सप्टेंबरात पीसी आणि स्विचवर आला, पीएस५वर अजून नाही. म्हणून तर आधी विचारलं कशावर खेळतो ते. पहिला हेडीस आहे, तो घ्या.

मडगावची_शांता
बरं, पहिला. फेऱ्यांचं गणित तेच.

पेडण्याचा_म्हातारा
मी ५८ वर्षांचा. सल्ला विचारला नाहीस तरी देतो: बुद्धिबळ. लाइट गेली तरी चालतं.

साखळीकर
काका, इथे कुणी विचारलंय का?

पेडण्याचा_म्हातारा
विचारलं नाही म्हणून तर आधीच तसं लिहिलं.

बार्देशी
फ्रेंच गेम म्हणजे एक्स्पिडिशन ३३. मी पुरा केला. गोष्ट, संगीत, सगळं अव्वल. लढाई पाळीपाळीने चालते म्हणून लोकांना वाटतं निवांत आहे. तसं नाही. शत्रूचा वार आला की नेमक्या क्षणी बटण दाबून परतवायचा, आणि तो क्षण फार बारीक असतो. अर्धवट झोपेत नाही जमत. शिवाय चार दिवसांनी परत आलास तर कुणाला कुठले पिक्टो (ताकद वाढवणाऱ्या वस्तू) लावलेत ते आठवत बसशील. मी तर म्हणतो काहीच घेऊ नकोस, पैसे राख. जीटीए ६ पुढच्या नोव्हेंबरात, २०२६ च्या १९ तारखेला म्हणतायत.

वेर्णा_जनरल_शिफ्ट
ती तारीख दोनदा पुढे ढकललीय. त्या भरवशावर आज उपाशी बसायचं? मूळ प्रश्नाकडे या. रातकिडा, वर्षभरात एकही पुरा का झाला नाही? वेळच नव्हता, की सुरू करून सोडलेस?

रातकिडा_फोंडा
सुरू तर करतो. पण टीव्ही हॉलमध्ये, आणि आईच्या मालिका साडेदहापर्यंत. त्यानंतर मला झोप अनावर होते. म्हणून ॲक्सेसरी विचारली. प्लेस्टेशनचं पोर्टल, ते हातात धरून खेळायचं पडदेवालं यंत्र, घ्यायचं मनात आहे, वीस हजारांपर्यंत चालेल.

मडगावची_शांता
हे पहिल्या ओळीत लिहायचं सोडून!

बार्देशी
घे की मग. १८,९९० ला आलं होतं ते इथे. आता तर क्लाउडवरूनही, म्हणजे घरचा पीएस५ न वापरता थेट इंटरनेटवरून, खेळता येतं, नोव्हेंबरात अपडेट आलंय.

वेर्णा_जनरल_शिफ्ट
अर्धवट माहिती देऊ नका. ते क्लाउड प्लेस्टेशन प्लस वर्गणीतल्या प्रीमियमवाल्यांना. आपल्याकडे प्रीमियम नाहीच, डिलक्स आहे. इथे पोर्टल म्हणजे घरातल्या पीएस५चं चित्र वायफायवरून हातातल्या पडद्यावर, बास. ब्लूटूथ हेडफोनसुद्धा जोडता येत नाही, वायरवाला नाहीतर सोनीचा पीएस लिंकवाला लागतो. रातकिडा, खेळायला बसणार कुठे? राउटर कुठे आहे? घर फ्लॅट की जुनं?

रातकिडा_फोंडा
आजोबांच्या वेळचं घर, चिऱ्याचं. राउटर हॉलमध्ये. खोलीत फोनवर व्हिडिओ अडखळतो, पण त्याचा काय संबंध?

वेर्णा_जनरल_शिफ्ट
तोच तर संबंध! त्या हातभर जाडीच्या भिंती वायफाय खाऊन टाकतात. एकोणीस हजारांचं पोर्टल आणून खोलीत बसलास तर पडद्यावर नुसते चौकोन दिसतील. आधी फुकटात करून बघ. फोनवर पीएस रिमोट प्ले ॲप घे, तुझाच कंट्रोलर ब्लूटूथने जोड. पीएस५च्या सेटिंगमध्ये रिमोट प्ले चालू कर, आणि रेस्ट मोडमध्ये इंटरनेट चालू राहील असं ठेव. फोनवर अडखळलं तर पोर्टलवरही अडखळणार. खात्रीचा इलाज: राउटरपासून पीएस५पर्यंत लॅन वायर, आणि खोलीपर्यंत दुसरी वायर ओढून तिथे छोटा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे खोलीतच वायफाय देणारा डबा.

साखळीकर
वायर ओढायला चिऱ्यात ड्रिल मारणार? आमच्याकडे एसीवाल्याने मारलं होतं, अर्धा चिरा हातात आला.

पेडण्याचा_म्हातारा
चिऱ्यात ड्रिल हळू मारावं लागतं. हातोड्याचा मोड बंद ठेवायचा. माळ्यावरून नेलीत तर भिंतीला हातच लावायला नको, जुन्या घरात कौलांखाली जागा असते.

साखळीकर
काका, हे मात्र कामाचं बोललात.

मडगावची_शांता
आणि रिमोटवर खेळायचं तर एक्स्पिडिशन ३३ विसर. चित्र जरा उशिरा पोचतं, तुझा वार हुकणार. बलाट्रो घे. २०२४ चा आहे, पण माझा या वर्षीचाही तोच. पोकरसारखे हात लावायचे, १५० जोकर आहेत, ते एकमेकांत गुंफून गुण वाढवायचे. मध्येच उठलं तरी काही बिघडत नाही. फोनवरही मिळतो, मग पीएस५ पण नको नि वायर पण नको.

बार्देशी
पत्ते? त्यापेक्षा ब्लू प्रिन्स. वाड्यातली खोली स्वतःच निवडत जायची, सेहेचाळीसावी शोधायची. वही घेऊन बसावं लागतं.

मडगावची_शांता
त्यात दिवस पुरा झाल्याशिवाय सेव्ह होत नाही. पोर उठलं की संपलं.

बार्देशी
रेस्ट मोडला टाकायचा, जिथल्या तिथे राहतो.

मडगावची_शांता
आणि लाइट गेली की?

रातकिडा_फोंडा
ब्लू प्रिन्स माझ्याकडे असेल बहुतेक. प्लस एक्स्ट्रा घेतलंय मी.

वेर्णा_जनरल_शिफ्ट
एक्स्ट्रा आहे हे आता सांगतोस? तो एप्रिलात आला त्याच दिवशी एक्स्ट्रामध्ये होता. मग सेलची घाई कसली होती रे?

रातकिडा_फोंडा
रागावू नका. काल रात्री फोनवर करून बघितलं. खोलीत खरंच चौकोन. पण बाहेर सोप्यावर बसलो तर हॉलची खिडकी उघडी, आणि चित्र एकदम स्वच्छ. आई आत मालिका बघतेय, मी बाहेर वही घेऊन वाड्यातल्या खोल्या जोडतोय. डास मात्र फार. पोर्टल रद्द. वायरचं जानेवारीत बघतो. बलाट्रो फोनवर घेतला, ऑफिसच्या बसमध्ये चालेल. सगळ्यांना देव बरें करूं.

पेडण्याचा_म्हातारा
डासांसाठी कडुनिंबाचा पाला जाळ. खिडकीखाली नको पण, आत मालिका चालू आहे.