मदत हवी आहे : माणसाळलेले पांढरे गिधाड निसर्गात परत कसे सोडावे?

नमस्कार. पक्षी-पुनर्वसन केंद्रात मी स्वयंसेवक आहे. आमच्याकडे पांढऱ्या गिधाडाचे एक पिल्लू आहे. पिसारा अजून गडद तपकिरी, चेहऱ्यावर पिवळेपणा नाही. पंखाचे मोडलेले हाड नीट सांधले गेले आहे, परंतु आमच्याकडे येण्यापूर्वी काही आठवडे कोणीतरी त्याला हाताने भरवले असल्यामुळे खाण्याच्या भांड्याचा आवाज येताच ते मान पुढे काढून माणसाकडेच चालत येते. खरी काळजी हाडाची नसून याची आहे.

कॅलिफोर्निया कॉन्डॉर या अमेरिकेतील गिधाडासारख्या पक्ष्याच्या बाबतीत 1987 साली जेमतेम 27 पक्षी उरले असताना पिलांना कॉन्डॉरच्या डोक्यासारख्या हातबाहुल्यांनी भरवत, ते त्यांना माणसाची ओढ लागू नये एवढ्याचसाठी. आमच्या पिलासाठी ती वेळ टळून गेली आहे असे मला वाटते. म्हणून आडोशामागून, माणूस न दिसता खाद्य देणे आम्ही सुरू केले आहे आणि त्याला प्रौढ गिधाडांशेजारच्या पिंजऱ्यात हलवण्याचा विचार आहे.

एवढ्या उशिरा प्रौढांच्या सहवासाने माणसाची ओढ कमी झाल्याचा अनुभव कोणाला आहे का? शिवाय जाळीवर घासून शेपटीची तीन पिसे तुटली आहेत. दुसऱ्या गिधाडाची गळून पडलेली पिसे तुटलेल्या पिसांच्या बुंध्यांना जोडून घ्यावीत, की पुढच्या पीसझडीपर्यंत थांबावे? सोडल्यानंतर पिंजऱ्याजवळ खाद्य किती दिवस ठेवावे, हेही प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सांगावे. (खाद्यातील जनावरांना डायक्लोफेनॅक (गिधाडांना मारक ठरणारे वेदनाशामक औषध) दिलेले नाही, याची खात्री करून घेतली आहे.)