बेनब्रिजला शिल्पकार म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

सुकाणू : काल कुणीतरी कप्तान विल्यम बेनब्रिजला 'अमेरिकी नौदलाचा शिल्पकार' म्हटलं. डोकंच फिरलं. १७९८ ला 'रिटॅलिएशन' हे आपलं जहाज फ्रेंचांच्या हवाली. १८०० ला अल्जियर्सच्या देईचा, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याचा नजराणा, सिंहांसकट, त्या देईचंच निशाण चढवून इस्तंबूलला पोचवला. १८०३ ला त्रिपोलीसमोर 'फिलाडेल्फिया' ही युद्धनौका खडकावर चढवली; ३०७ माणसं १९ महिने कैदेत. मग १८१२ ला 'कॉन्स्टिट्यूशन' ही युद्धनौका आयती मिळाली आणि इंग्रजांच्या 'जावा' या युद्धनौकेला हरवलं. एवढ्यावर सगळं माफ?

डोलकाठी : तो खडक नकाशात नव्हता. सतरा वर्षं जहाजावर काढलीत मी. आमचं जहाज गाळात रुतलं ते वाट दाखवणाऱ्या पायलटमुळे, पण कंपनीनं कागदावर सही घेतली माझी. किनाऱ्यावरून अक्कल शिकवणं सोपं असतं. चौकशीत निर्दोष सुटला तो.

सुकाणू : चौकशीला बसले कोण? नौदलाचेच कप्तान! तोफा समुद्रात टाकल्या, पुढची डोलकाठी तोडली, शरण गेला. दोनच दिवसांत त्रिपोलीवाल्यांनी तेच जहाज तरंगवलं. निस्तरलं डिकेटर या दुसऱ्या अमेरिकी अधिकाऱ्यानं, जाळून.

खानदेशी : 'जावा'वर कोण होतं ठाऊक आहे? मुंबईला निघालेला इंग्रज जनरल हिस्लॉप. बेनब्रिजनं त्याला ब्राझीलमध्ये, अमेरिकेविरुद्ध लढणार नाही या शब्दावर सोडलं. तोच १८१७ ला महिदपूरला होळकरांसमोर उभा, आणि १८१८ ला खानदेशातल्या थाळनेरला त्यानंच किल्लेदाराला फाशी दिली, शिबंदी म्हणजे किल्ल्यावरची फौज कापून काढली. माझं आजोळ तिथलं. तापीकडच्या बुरुजाखाली पोहायला गेलो की आजी अशी ओरडायची, जणू कालच घडलंय सगळं.

डोलकाठी : मग काय, बेनब्रिजनं पाच वर्षं आधी पत्रिका बघायची होती? आणि किल्ल्याच्या दारात इंग्रज अधिकारी मारले गेले, ते का गाळता?

खानदेशी : गाळत नाही. झटापटीत गॉर्डन, मॅकग्रेगर पडले. त्याबद्दल अख्खी शिबंदी? तुमच्या आजोळी झालं असतं तर हाच हिशेब मांडला असता का?

डोलकाठी : आजोळ मध्ये आणू नका. मी कत्तलीचं समर्थन केलेलं नाही.

सुकाणू : अहो, धागा बेनब्रिजचा आहे! बरं, एवढं देतो : 'जावा'च्या लढाईत दोनदा जखमी होऊनही डेक सोडला नाही. सुकाणूचं चाक उडालं तर खालच्या डेकवरून सुकाणू फिरवून घेतलं. शिल्पकार मात्र म्हणणार नाही.

डोलकाठी : उपकार झाले. नंतर 'जावा'चंच चाक काढून स्वतःच्या जहाजाला बसवलं त्यानं, तेही लिहा.

खानदेशी : चाक ठेवलं आणि जनरल सोडला. धन्य!