अनुभव धागा: तक्रार येते तरी कुठून?

इंदूरच्या मराठी घरात दोन माणसं भेटली की चहाआधी तक्रार येते. उन्हाची, ट्रॅफिकची, सराफ्यातल्या गर्दीची. तिचं मूळ मला मनापासून शोधायचं आहे. बुद्धांनी दुःखाचं कारण तृष्णा सांगितलं, ते मोठ्या दुःखांना लागू पडतंच. पण पोह्यांवर जिरावण मसाला कमी पडला म्हणून होणाऱ्या कुरकुरीचं काय? मला वाटतं, ज्यावर आपला हक्क, त्याचीच तक्रार. तुमच्या घरचे दाखले लिहा, उलटे असले तरी चालतील.

सुदामा नगरहून
मी पुण्याची. लग्नानंतर पहिल्याच सकाळी पोह्यांवर बोलले: वाफेवरचे, गोडसर, बडीशेप घातलेले, वर शेव आणि ओलं खोबरं नाहीच! सासूबाईंनी ऐकून घेतलं. आता माहेरी आई खोबरं पेरून पोहे पुढे ठेवते आणि मी विचारते, "शेव कुठंय?" जिरावणाची पुडी पर्समध्ये असतेच. आईची तक्रार, मुलगी तिकडची झाली. सासूबाईंची तक्रार, पुड्या संपतात. पोहे दोन्हीकडचे उत्तम आहेत.

लोकमान्य नगरहून
हक्काचा मुद्दा पटला. 1970 मध्ये नर्मदा इंदूरला आणा म्हणून शहरात आंदोलन झालं, त्यात आमचे बाबा होते. ती तक्रार तहानेची होती. नदी लांब, शिवाय खालच्या अंगाला. पाणी पंपांनी वर चढवून आणायचं होतं. 1978 मध्ये ते आलं. आजीनं नळाला हळदकुंकू वाहिलं. आज त्याच घरात नळ एक दिवसाआड येतो म्हणून मी चिडतो, आणि बाबा माझ्याहून जास्त! आजीच्या हळदकुंकवाची आठवण दिली तर म्हणाले, "तेव्हा ती पाहुणी होती रे, आता घरची आहे."

राजेंद्र नगरहून
मी मानसशास्त्र शिकवते. त्याच 1978 साली अमेरिकेत ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते इतरांपेक्षा फारसे सुखी नव्हते, आणि रोजच्या साध्या गोष्टींतला आनंद त्यांना कमीच वाटत होता. मन सुखाला सरावतं आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू करतं. बाबांची चिडचिड अगदी शास्त्रशुद्ध आहे!

रामबागेतून
2017 पासून स्वच्छतेत इंदूरचा पहिला नंबर, म्हणून बाहेरगावचे पाहुणे आमच्या कचरागाडीचा व्हिडिओ काढतात. आम्ही ओला-सुका डबा घेऊन दारात, "आज उशीर झाला हं" म्हणत.

पुन्हा सुदामा नगर, दुसरं घर
आई शेजारणीला "बरंय" म्हणते. बंगळुरूच्या भावाला मात्र गुडघे, गॅस, दूधवाला, सगळं तासभर. त्यानं औषध सुचवलं की रागावते. तिला औषध नको असतं, त्याचा आवाज हवा असतो. माझ्या मते निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच आहे.

परदेशीपुऱ्यातून
गल्लीतला दिवा बंद होता. शेजारच्या काकांच्या सांगण्यावरून मी महापालिकेच्या इंदूर 311 ॲपवर तक्रार टाकली, दिवा लागला. दुसऱ्या दिवशी काका दारात: "उजेड थेट खिडकीत येतो, झोप लागत नाही." मग पडदे आणले. आता खोलीत वारा येत नाही.