मदत हवी आहे: किनाऱ्याला लागलेल्या अनोळखी मृतदेहांच्या डीएनए तपासणीचा खर्च कुठून करायचा?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुणाचा अनुभव आहे का? खाऱ्या पाण्यात चेहरा आणि बोटांचे ठसे लवकर जातात, मग भिस्त डीएनएवर. त्यासाठी मांडीच्या हाडाचा मधला तुकडा आणि न किडलेली दाढ घेतात. ती फॉर्मलिनमध्ये (अवयव टिकवायच्या रसायनात) टाकली की डीएनए तुटतो, ओलीच प्लास्टिकमध्ये बांधली तर बुरशी धरते. दहनाऐवजी क्रमांक लावून दफन केलं, तर नमुना पुन्हा तरी घेता येतो.

सरकारी प्रयोगशाळेत नमुना पोलिसांच्या पत्रावर जातो. पैसा अडतो तो शीतपेटी, गाडी आणि नातेवाइकांच्या रक्तनमुन्यांवर. खलाशी गुजरात-कर्नाटकातला असला की घोळ वाढतो. जुळवणीला आईवडील किंवा मुलं असतील तर उत्तम. फक्त मावशी असेल तर मायटोकॉन्ड्रियल चाचणी (फक्त आईकडून येणाऱ्या डीएनएची) लागते. 2019 चं डीएनए विधेयक 2023 मध्ये मागे घेतलं, त्यामुळे त्यात मांडलेली, जुळवणीसाठी डीएनएच्या नोंदी ठेवणारी राष्ट्रीय डीएनए बँकही बारगळली.

जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून यासाठी कुठे मंजुरी मिळाली आहे का? प्रस्ताव पोलीस अधीक्षकांनी पाठवायचा की जिल्हा शल्यचिकित्सकांनी? लेखाशीर्ष (खर्च टाकायचं सरकारी खातं) कोणतं? प्रशासकीय मान्यतेची प्रत असेल तर कृपया इथे टाका.