मदत हवी आहे : ठेकेदारांची थकलेली बिलं सरकारच्या तुटीत धरतात का?

नमस्कार मंडळी. मी नाशिकरोडला राहतो. सिन्नर, दिंडोरी भागात रस्त्यांची आणि मोऱ्यांची लहान कामं घेतो. येत्या रविवारी आमच्याकडच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर ‘सरकारने खर्चाला कात्री लावावी का’ अशी चर्चा ठेवली आहे आणि वडिलांनी माझं नाव देऊन टाकलंय. दहा मिनिटं बोलायचं आहे. विषय जिवाशी आलेला आहे, म्हणूनच चुकीचं काही बोलून जाऊ नये असं वाटतं.

आधी माझी हकिकत. सिन्नर तालुक्यात सव्वादोन किलोमीटरचा एक रस्ता केला. एमबी (कामाच्या मोजमापाची वही) रेकॉर्ड झाली, टेस्टिंगचे रिपोर्ट लागले, बिल वर गेलं. त्याला चौदा महिने झाले. एकोणीस लाख अडकलेत. ऑफिसात गेलं की उत्तर ठरलेलं, ‘हेडला (म्हणजे त्या कामाच्या लेखाशीर्षाला) पैसे नाहीत, मार्चमध्ये बघू.’ मार्चचा एक महिना असाच गेला. डांबराचे पैसे रोखीने द्यावे लागले होते, क्रशरवाला दर सोमवारी फोन करतो, आणि बायकोच्या पाटल्या अजून बँकेत आहेत.

माझ्याकडे खडी पसरायला एक मावशी येतात, सात-आठ वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात मी त्यांना सलग दोन आठवडे मजुरी देऊ शकलो नाही. मान खाली घालून सांगायला गेलो तर त्या म्हणाल्या, ‘राहू द्या दादा, लाडक्या बहिणीचे दीड हजार आलेत, किराणा भरलाय.’ सरकारने माझं बिल दिलं नाही म्हणून मी मावशींची मजुरी देऊ शकलो नाही, आणि त्यांच्या घरात पीठ आलं तेही सरकारच्याच पैशातून. तेव्हापासून हे कोडं डोक्यातून जात नाही.

माझा धाकटा भाऊ अंबडला कंपनीत आहे. त्याचं म्हणणं सरळ आहे, ही योजना बंद करा, तुझी बिलं निघतील. मला ते पटत नाही, म्हणून आकडे काढून बसलो. अजित पवारांनी १० मार्च २०२५ ला मांडलेल्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी आणि महसुली तूट, म्हणजे रोजच्या जमा-खर्चातला खड्डा, ४५,८९१ कोटी आहे. लाडकी बहीण योजनेची तरतूद ३६,००० कोटी. म्हणजे पूर्ण योजना उद्या गुंडाळली तरी महसुली खातं जवळपास दहा हजार कोटींनी उणेच राहतं. शिवाय ही तरतूद आदल्या वर्षीच्या ४६,००० कोटींवरून आधीच खाली आणलेली आहे. पगार, पेन्शन आणि व्याज यांना कोणी हात लावू शकत नाही. मग कात्री कुठे चालते? माझ्या अनुभवाने सांगतो, जिथे ओरडणारा माणूस लहान असतो तिथे.

कट्ट्यावर आणखी एक प्रश्न हमखास येणार, कारण आमचा भागच तसा आहे : ‘नोटा तर इथेच छापतात, मग तुटीची काळजी कशाला?’ वडील नोट प्रेसमधून निवृत्त झालेत. ते म्हणतात, आम्ही फक्त छापायचो, किती छापायच्या ते रिझर्व्ह बँक सांगायची. त्यांनीच समजावलं की पूर्वी केंद्राला अडचण आली की तात्पुरत्या ट्रेझरी बिलांवर (अल्प मुदतीच्या कर्जचिठ्ठ्यांवर) रिझर्व्ह बँकेकडून पैसे उचलता यायचे, ते १९९७ ला थांबलं. आणि २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्वाच्या कायद्यानंतर २००६ पासून रिझर्व्ह बँक सरकारचे रोखे थेट सरकारकडून घेत नाही. राज्याच्या हातात तर नोटांचा विषयच नाही. हे बरोबर आहे ना?

पण माझा मुख्य प्रश्न वेगळा आहे. त्याच अर्थसंकल्पात राज्याची राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून भरायची एकूण तूट, १ लाख ३६ हजार कोटींच्या वर दाखवली आहे आणि ती राज्याच्या सकल उत्पन्नाच्या (सरकारच्या जमेच्या नव्हे, सगळ्या राज्याच्या उत्पन्नाच्या) तीन टक्क्यांच्या आत आहे असं सांगतात. या आकड्यात माझे एकोणीस लाख आहेत का? काम झालं, रस्त्यावरून एसटी धावते, देणं सरकारवर आहे. ते पुस्तकात कुठे दिसतं? आणि दिसत नसेल तर बिलं थकवली की तूट आपोआप कमी दिसते, असं मी चारचौघांत म्हणू शकतो का? कुठला कागद हातात घेऊन बोलू, तेवढं सांगा.

पक्षांची भांडणं कृपया इथे नकोत.

प्रतिसाद १
लेखापरीक्षणात नोकरी झाली आहे, म्हणून लिहितो. तुम्ही म्हणता ते म्हणू शकता, पण शब्द जपून वापरा. आपल्याकडे सरकारी हिशेब रोखीच्या तत्त्वावर ठेवतात. पैसे प्रत्यक्ष बाहेर गेले की खर्च. बिल टेबलावर पडून आहे तोवर त्या वर्षीच्या खर्चात ते नाही, म्हणून तुटीतही नाही. तुमचे एकोणीस लाख आज कुठल्याच तुटीत नाहीत, ज्या वर्षी मिळतील त्या वर्षीच्या खर्चात जातील. पण ‘तूट कमी दाखवायला मुद्दाम थकवतात’ असं म्हणू नका, ते सिद्ध करता येणार नाही. ‘थकवल्याने तूट कमी दिसते’ एवढं म्हणा, ते कोणी खोडू शकत नाही.

नोटांबद्दल वडिलांचं बरोबर आहे.

कागद कुठला, तर बीम्सच्या (राज्य सरकारच्या निधीवाटपाची ऑनलाइन नोंद) संकेतस्थळावर तुमच्या लेखाशीर्षाची तरतूद किती, सोडली किती आणि खर्च किती हे बघा. कॅगचा (सरकारी हिशेब तपासणारे महालेखापरीक्षक) राज्याच्या वित्तव्यवस्थेवरचा अहवाल वाचा. आणि तुमच्या विभागाला माहिती अधिकारात एकच ओळ विचारा : ३१ मार्चअखेर मोजमाप नोंदवलेली पण न दिलेली देयके किती व किती रकमेची? भाषणात दहा हजार कोटींपेक्षा तुमच्या तालुक्याचा आकडा जास्त चालेल.

भावाला एक सांगा, महसुली तूट आणि राजकोषीय तूट एकत्र करू नकोस. रस्त्यासाठी कर्ज काढलं तर निदान रस्ता उरतो. पगार-अनुदानासाठी काढलं तर फक्त हप्ता उरतो. कपातीचा वाद महसुली बाजूवर व्हायला हवा, आणि कपात होते ती भांडवली बाजूवर, म्हणजे रस्त्यांसारख्या कामांवर.

प्रतिसाद २
सहानुभूती आहे, पण मी तुमच्या भावाच्या बाजूचा. राज्यावर ९ लाख ३२ हजार कोटींचं कर्ज जाणार असा त्याच अर्थसंकल्पाचा अंदाज होता. अर्थसंकल्प मार्चमध्ये झाला आणि जूनअखेरच्या अधिवेशनात ५७ हजार कोटींवर पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पाबाहेरचा जादा खर्च) आल्या. असं घर चालत नाही. केंद्राने २०२०-२१ मधली देशाच्या सकल उत्पन्नाच्या ९.२ टक्क्यांची राजकोषीय तूट २०२५-२६ साठी ४.४ टक्क्यांच्या उद्दिष्टापर्यंत आणली, म्हणजे शिस्त लावता येते. आणि एक कडू प्रश्न विचारतो, राग मानू नका. तरतूद पुरेशी नसताना मंजूर झालेली कामं घेतली कोणी? निविदा भरताना तुम्ही हेडला किती पैसे आहेत ते बघितलं होतं का?

धागाकर्ता
दोघांचेही आभार. राग अजिबात नाही. काल रात्री कार्यारंभ आदेशाची फाइल काढून वाचली. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात आहे, ‘देयक निधी उपलब्धतेनुसार अदा करण्यात येईल.’ खाली माझी सही आहे. तेव्हा काम हवं होतं, हाताखाली अकरा माणसं होती, मी वाचलं नव्हतं. रविवारी हे पान घेऊन जाणार आहे आणि सगळ्यांसमोर वाचणार आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज आज सकाळी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून दिला. पोच घेतली. उत्तर रविवारच्या आत येणार नाही हे माहीत आहे, आलं की आकडा इथेच टाकतो. तोवर एक मदत करा : बीम्सवर विभागनिहाय खर्च दिसतोय, पण तालुका कुठे निवडायचा ते सापडत नाहीये. कोणी पायरीपायरीने सांगेल का?